वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी कोडिंगचा वर्ग निवडताना

मुलांना कोडिंग शिकवण्याविषयीची पत्रे गेल्या काही महिन्यांत इतकी आली आहेत, की या वेळचा सबंध स्तंभ त्यांनाच द्यावा असे ठरवले. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतून सात प्रश्न निवडले आहेत. पत्रांत मुलांच्या अडचणींचा उल्लेख असल्यामुळे लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी आम्ही दोन वर्ग पाहिले. एका वर्गाचे म्हणणे असे, की तीन महिन्यांत मूल स्वतःचे मोबाइल ॲप तयार करील आणि त्याला प्रमाणपत्रही मिळेल. दुसऱ्या वर्गाने असे कोणतेही आश्वासन दिले नाही. मुले छोटे छोटे खेळ तयार करतात, एवढेच सांगितले. आम्हा दोघांना प्रोग्रामिंगचा गंध नाही. निवड कशावरून करावी?

उत्तर : तुम्हा दोघांना प्रोग्रामिंग येत नाही, हा मोठा अडथळा मानू नका. शिकवण्याची पद्धत पारखायला प्रोग्रामिंगचे ज्ञान लागत नाही. दोन्ही वर्गांना विनंती करून एकेक तास मागे बसून पाहा, आणि त्या तासात एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा : एखाद्या मुलाचा प्रोग्राम अडला, की माऊस कोणाच्या हातात जातो?

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. या वयाची मुले बहुधा स्क्रॅचवर काम करतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने तयार केलेली ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आखलेली असून तिच्यात आज्ञा टाइप करण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. समजा, मांजराने चेंडूला स्पर्श केला की एक गुण वाढावा, असा खेळ तुमच्या मुलाला करायचा आहे. ‘स्पर्श झाला असेल तर गुण एकने वाढव’ अशा अर्थाचे ठोकळे तो जोडतो, खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्यावर क्लिक करतो, मांजर चेंडूपर्यंत नेतो, आणि गुण मात्र शून्यावरच राहतात. ठोकळे तर बरोबर दिसतात. गोष्ट अशी झालेली असते, की संगणकाने स्पर्शाची तपासणी खेळ सुरू होताक्षणी एकदाच केली, त्या वेळी मांजर दूर होते, आणि पुढे ती तपासणी पुन्हा झालीच नाही. तीच तपासणी सतत फिरणाऱ्या लूपमध्ये, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा करवणाऱ्या ठोकळ्यात, ठेवली की गुण वाढू लागतात, पण आता एकाच स्पर्शात दहा-वीस वाढतात, कारण स्पर्श टिकून असेपर्यंत लूप सेकंदाला कित्येकदा फिरते आणि दर फेरीला एक गुण देऊन जाते.

अशा वेळी एक शिक्षक मुलाच्या हातातला माऊस घेतो, दहा सेकंदांत ठोकळे सरकवतो आणि ‘आता बघ, चालले’ म्हणून पुढच्या मुलाकडे जातो. दुसरा शिक्षक विचारतो, ‘स्पर्श झाला का, हे संगणकाने किती वेळा पाहिले असेल असे तुला वाटते?’ आणि थांबतो. मूल पडद्याकडे पाहत राहते, एक ठोकळा काढते, परत लावते, पुन्हा चालवून पाहते. बाहेरून पाहणाऱ्याला त्या तीन-चार मिनिटांत काहीच घडत नाही असे वाटेल. प्रत्यक्षात कोडिंगमधले मुख्य शिक्षण तेवढ्यातच होत असते, आणि तुम्ही मुलाला तिथे पाठवणार ते त्या मिनिटांसाठी. ज्या वर्गात सगळ्या मुलांचे प्रोग्राम सगळा वेळ सुरळीत चालताना दिसतात, त्या वर्गाविषयी मला शंका येते.

आता आश्वासनाविषयी. तीन महिन्यांत मोबाइल ॲप होणे अशक्य नाही. ॲप इन्व्हेंटर हे साधन गूगलने २०१० मध्ये आणले, नंतर ते एमआयटीकडे गेले, आणि त्यातही ठोकळे जोडूनच ॲप तयार होते. खरा प्रश्न ते ॲप कोणाचे, हा आहे. त्या वर्गाच्या एकाच तुकडीतल्या चार-पाच मुलांची कामे दाखवायला सांगा. सगळ्या ॲपमध्ये तीच बटणे, तीच रचना आणि फरक केवळ चित्राचा किंवा रंगाचा असेल, तर मुलांनी शिक्षकाचा नमुना उतरवून घेतला आहे. तिथे एखादे मूल भेटले तर त्याला प्रेमाने सांगा, ‘हे बटण दाबल्यावर दोनदा आवाज यावा असे करून दाखवशील का?’ जे मूल थोडे चाचपडत का होईना, पण नेमका कुठे हात घालायचा ते शोधू लागते, त्याला शिकवलेले पोहोचले आहे. प्रमाणपत्राने बहुधा उपस्थितीच सिद्ध होते, त्यामुळे निवडीत त्याला वजन देऊ नये.

एका शिक्षकामागे मुले किती, हेही विचारा. वर सांगितलेले थांबणे आणि विचारणे वीस मुलांच्या गटात एकट्या शिक्षकाला जमत नाही. माझ्या अनुभवात सात-आठ मुलांपुढे ते अवघड होऊ लागते. शिक्षक दर महिन्याला बदलत नाहीत ना, याचीही चौकशी करावी. केवळ तुमच्या वर्णनावरून निकाल देणे योग्य होणार नाही, परंतु काहीही आश्वासन न देणाऱ्या दुसऱ्या वर्गाचा तास तुम्ही आधी पाहावा, असे मी सुचवेन.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. ओळखीच्या अनेकांनी याच वयात मुलांना कोडिंगला घातले आहे. आम्ही उशीर तर करत नाही ना?

उत्तर : मुळीच नाही. सहाव्या वर्षी न शिकल्यामुळे कायमचे हुकेल असे कोडिंगमध्ये काही नाही, आणि अशी भीती घालून प्रवेश घ्यायला लावणाऱ्या वर्गापासून दूर राहिलेलेच बरे.

तिला आवड दिसत असेल तर स्क्रॅचज्युनिअर हे मोफत साधन पाहा. टफ्ट्स विद्यापीठ आणि एमआयटी यांच्या सहकार्यातून २०१४ मध्ये आलेले हे साधन ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यातल्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चित्रे असल्यामुळे नीट वाचता न येणारे मूलही पात्रांना चालवू, उड्या मारायला लावू आणि बोलते करू शकते. दिवसाआड वीस मिनिटे, तीही तुमच्यापैकी कोणीतरी शेजारी बसून, पुरेशी आहेत.

या वयात पडद्याशिवाय होणारे शिक्षणही खरे शिक्षण असते. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठातील टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याचे अनेक खेळ तयार केले आहेत. घरच्या घरी करण्याजोगा एक खेळ असा : दोघांनी पाठीला पाठ लावून बसावे, एकीने समोरच्या साध्या चित्राचे वर्णन करावे आणि दुसरीने ते ऐकून तसेच चित्र काढावे. ‘वर एक गोल काढ’ एवढेच सांगितले, तर कशाच्या वर आणि केवढा गोल, हे राहूनच जाते. चित्रे शेजारी ठेवली की सूचनेत काय राहून गेले ते मुलीला आपोआप दिसते. सूचना संदिग्ध असेल तर काम चुकते, हे प्रोग्रामिंगचे पहिले तत्त्व ती अशा रीतीने हसत-खेळत शिकेल.

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा दीड वर्ष स्क्रॅच शिकतो आहे. एका नव्या वर्गाच्या संचालकांनी सांगितले, की ठोकळे म्हणजे खरे कोडिंग नव्हे, आता त्याला ताबडतोब पायथॉन ही टाइप करून लिहायची भाषा सुरू करा. मुलगा मात्र स्क्रॅच सोडायला तयार नाही.

उत्तर : संचालकांचे हे म्हणणे बरोबर नाही. लूप, अट, व्हेरिएबल (गुणांसारखी बदलती माहिती साठवायची जागा), एका पात्राने दुसऱ्याला पाठवलेला संदेश हे सारे स्क्रॅचमध्येही आहे आणि त्यातला विचार पुढे तसाच उपयोगी पडतो. स्क्रॅचचा रंगमंच आडवा उणे २४० ते अधिक २४० आणि उभा उणे १८० ते अधिक १८० असा मोजलेला असतो, त्यामुळे ऋण संख्या शाळेत येण्याआधीच काही मुलांच्या हाताखालून गेलेल्या असतात. याला खोटे कोडिंग म्हणणे हा त्या मुलांच्या मेहनतीवर अन्याय आहे.

तरीही लिखित भाषेकडे जाण्याची वेळ केव्हातरी येते. मूल स्वतःहून म्हणू लागले, की अमुक करायचे आहे पण ठोकळ्यांनी फार लांबण लागते; कीबोर्डवर अक्षरे शोधण्यातच त्याची शक्ती संपत नसेल; आणि चूक झाल्याचा इंग्रजी संदेश पाहून ते घाबरून खिडकी बंद करत नसेल, तर वेळ झाली असे समजावे. यांतली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठोकळे चुकीच्या जागी बसतच नाहीत, त्यामुळे स्क्रॅचमध्ये वाक्यरचनेची चूक जवळजवळ होत नाही. पायथॉनमध्ये एक अपूर्णविराम राहिला किंवा ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली, तर सबंध प्रोग्राम अडतो. तेव्हा येणाऱ्या संदेशात चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत आणि ओळीचा क्रमांक त्याच्या वर असतो, म्हणून तो खालून वर वाचायचा, हे पहिल्याच आठवड्यात शिकवणारा शिक्षक चांगला समजावा. काही चुकांवर तर संदेशही येत नाही. वापरणाऱ्याने ५ आणि ५ असे आकडे टाइप केले आणि प्रोग्रामने त्यांची बेरीज ५५ सांगितली, तर मूल चक्रावून जाते. टाइप केलेले उत्तर पायथॉन अक्षरे म्हणून घेतो आणि संख्या हवी असेल तर तसे सांगून ते बदलून घ्यावे लागते, हे तेव्हा कायमचे लक्षात राहते.

तुमच्या मुलाला स्क्रॅच का सोडवत नाही, याचाही विचार करा. तिथे त्याच्या हातात चित्रे, आवाज आणि हलणारी पात्रे आहेत, आणि पायथॉनच्या पहिल्या धड्यात बहुधा नुसती अक्षरे उमटतात. हा उतार त्याला जाणवणारच. म्हणून नव्या वर्गाला विचारा, की पायथॉनची सुरुवात ते कशाने करतात. पायथॉनमध्ये पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देऊन त्याच्याकडून चित्रे काढून घेण्याची सोय आहे. तिचा वारसा लोगो या भाषेकडे जातो. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासोबत काम केलेले सेमूर पेपर्ट, तसेच सिंथिया सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी ती १९६७ मध्ये मुलांसाठी तयार केली. कासवाला ‘शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश वळ’ असे चारदा सांगितले की चौरस होतो. मग समभुज त्रिकोण काढताना मूल कोन साठ अंशांचा म्हणून साठ अंश वळायला सांगते, आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन उमटतो. कासव आतल्या कोनाने वळत नाही, बाहेरच्या कोनाने वळते, म्हणून १२० अंश हवेत, हे मूल स्वतः चालून पाहिल्यावर शोधून काढते. पेपर्ट यांना अशा चुका फार मोलाच्या वाटत, कारण चूक शोधताना मूल स्वतःच्या विचाराकडे पाहायला शिकते.

दुसरा चांगला पूल म्हणजे मायक्रोबिट. पंचवीस दिव्यांची ही छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी बीबीसीच्या पुढाकाराने तयार झाली, २०१६ पासून ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ती मोफत वाटली गेली, आणि ती ठोकळ्यांनीही चालवता येते, पायथॉननेही. यांतला कोणताही मार्ग घेतला तरी स्क्रॅच बंद करण्याची सक्ती करू नका. दोन्ही काही काळ सोबत चालू द्यावेत.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी एका ॲपवर कोडिंग शिकते. तिने शंभराहून अधिक पायऱ्या पूर्ण केल्या आणि सगळ्यांत तारे मिळवले. परवा मी तिला स्वतःच्या मनाने काही करून दाखवायला सांगितले, तर कोरा पडदा पाहून ती रडवेली झाली. एवढा काळ फुकट गेला का?

उत्तर : फुकट गेला नाही, आणि कृपया तिच्यासमोर तसे म्हणूही नका. तिला जे शिकवले गेले ते ती नीट शिकली आहे. जे शिकवलेच नाही तेवढे राहिले आहे.

कोडी सोडवून शिकवणाऱ्या साधनांत उत्तर आधीच ठरलेले असते आणि त्या कोड्याला लागणारे मोजके ठोकळेच समोर ठेवलेले असतात. ओळख करून द्यायला हा मार्ग उत्तम आहे. कोड डॉट ऑर्ग या संस्थेने २०१३ पासून एका तासाचा जो उपक्रम चालवला, त्याने जगभरातल्या असंख्य मुलांना कोडिंगच्या दारात आणले, ते अशाच कोड्यांतून. मात्र काय करायचे हे ठरवणे, त्याचे तुकडे पाडणे आणि सुरुवात कोणत्या तुकड्याने करायची ते निवडणे, ही कामे कोड्यात कोणीतरी दुसऱ्यानेच करून ठेवलेली असतात. तुमच्या मुलीवर ती पहिल्यांदाच आणि एकदम आली.

कोडे आणि कोरा पडदा यांच्या मधली एक पायरी तिला द्या. संगणकशिक्षणाच्या अभ्यासक सू सेंटन्स यांनी मांडलेला क्रम इथे उपयोगी पडतो : दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम आधी न चालवता वाचायचा आणि काय होईल याचा अंदाज बांधायचा, मग चालवून पाहायचा, मग तो तसा का चालला ते शोधायचे, मग त्यात बदल करायचा, आणि सर्वांत शेवटी स्वतःचा लिहायचा. स्क्रॅचवर इतरांनी प्रसिद्ध केलेल्या कोणत्याही खेळाच्या आत पाहता येते आणि त्याची स्वतःची प्रत करून बदलता येते. याला तिथे रिमिक्स म्हणतात आणि मूळ कर्त्याचा उल्लेख त्यात आपोआप राहतो. तिला आवडणारा एक खेळ उघडा. आज पात्राचा वेग बदलू द्या, उद्या जीव तीनऐवजी पाच होऊ द्यात, परवा एक नवा अडथळा येऊ द्या. गुणांची एक नेहमीची चूकही तिला तेव्हा भेटेल : खेळ पुन्हा सुरू केला तरी गुण मागच्या आकड्यावरून पुढे चालू राहतात, कारण सुरुवातीला ते शून्य करायला कोणी सांगितलेलेच नसते.

पुढे स्वतःचे काम सुरू करताना ते कोणासाठी, हे तिलाच ठरवू द्या. धाकट्या भावाला अंक ओळखायला लावणारा खेळ, आजीला वाढदिवसाचे हलते शुभेच्छापत्र, असे कोणाच्या तरी हाती द्यायचे काम असले की पडदा तेवढा कोरा वाटत नाही. आणि नवा वर्ग निवडायचा झाला, तर एकच प्रश्न विचारा : मुलांच्या स्वतःच्या कल्पनेसाठी किती तास राखले आहेत? एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा ते कमी असतील, तर मी तो वर्ग घेणार नाही.

प्रश्न : ऑनलाइन वर्गात सुरक्षिततेच्या दृष्टीने काय पाहावे?

उत्तर : शिक्षक आणि मूल यांच्यात पालकांना न दिसणारे खासगी संदेश नसावेत. तासाचे चित्रीकरण होत असेल तर ते कोण पाहते आणि केव्हा पुसले जाते, हे लेखी मागावे. मुलाचे वापरनाव खऱ्या नावावरून, शाळेवरून किंवा जन्मतारखेवरून केलेले नसावे. मुलाने सर्वांसाठी प्रसिद्ध केलेले काम कोणालाही दिसते, म्हणून त्यात घराचा फोटो किंवा स्वतःचा आवाज घालण्याआधी त्याने तुम्हाला विचारावे, अशी सवय लावावी. वर्गाने या प्रश्नांची उत्तरे टाळली, तर पुढे चौकशी करण्याची गरज उरत नाही.

प्रश्न : माझा नातू तेरा वर्षांचा आहे. तो म्हणतो, ‘आजोबा, आता एआयला सांगितले की सगळा प्रोग्राम लिहून मिळतो.’ मग ही मुले शिकतात तरी कशाला, आणि त्याच्यासाठी वर्ग शोधण्यात अर्थ आहे का?

उत्तर : आपला नातू सांगतो ते खरे आहे, त्याच्या वयाच्या मुलाला जे छोटे प्रोग्राम करायला दिले जातात, त्यांतले बहुतेक एआयकडून क्षणात लिहून मिळतात. तरीही वर्ग शोधण्यात अर्थ आहे, असे मला मनापासून वाटते. मिळालेला प्रोग्राम आपल्याला हवा तोच आहे का, हे ओळखायला तो वाचता आला पाहिजे. वर गुणांचा जो प्रकार सांगितला, तशी चूक एआयने दिलेल्या प्रोग्राममध्येही असू शकते. प्रोग्राम चालतो, कुठलाही संदेश येत नाही, आणि उत्तर मात्र चुकलेले असते. ज्याने अशा चुका स्वतःच्या हाताने शोधल्या आहेत, त्यालाच कुठे पाहायचे ते सुचते.

म्हणून त्याच्यासाठी वर्ग शोधताना एआयविषयी त्यांचा नियम काय आहे, ते विचारा. संपूर्ण बंदी घालणारे वर्ग मला फारसे पटत नाहीत, कारण घरी मूल ते वापरणारच. पूर्ण मुभा देणारे त्याहून कमी पटतात. सुरुवातीचे काही महिने हाताने लिहायचे, नंतर एआयची मदत घेतली तर ते सांगायचे, आणि मिळालेल्या प्रत्येक ओळीचे काम शिक्षकाला समजावून द्यायचे, असा नियम असलेला वर्ग मिळाला तर अवश्य घ्या.

या बाबतीत आपणही एक गोष्ट करू शकता, आणि त्यासाठी आपल्याला कोडिंग येण्याची आवश्यकता नाही. नातवाने एआयकडून प्रोग्राम घेतला, की तो चालवण्याआधी त्याला शेजारी बसवून विचारा, ‘ही ओळ काढून टाकली तर काय होईल?’ त्याला अंदाज सांगू द्या आणि मग दोघे मिळून ती ओळ काढून पाहा. अंदाज चुकला तरी हरकत नाही. का चुकला, हे तो आपल्याला समजावून सांगू लागेल, आणि समजावता समजावता त्याचे त्यालाच उमगत जाईल.

प्रश्न : बारा वर्षांचा मुलगा सहा महिन्यांनंतर वर्ग सोडायचा म्हणतो. सोडू द्यावा का?

उत्तर : आधी त्याला त्याचे शेवटचे काम दाखवायला सांगा आणि कुठे कंटाळा आला, ते त्या कामाच्या संदर्भात विचारा. ‘मला येत नाही’ आणि ‘मला हे करायचे नाही’ यांत फरक आहे. धडे त्याच्या वेगाच्या मानाने घाईचे किंवा संथ असतील, तर तुकडी बदलून पाहावी. दुसऱ्याने ठरवलेले काम करण्याचा कंटाळा असेल, तर वर्गाऐवजी मंडळ पाहा. २०११ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू झालेली कोडरडोजोची मंडळे स्वयंसेवक मोफत चालवतात, ७ ते १७ वर्षांची मुले तिथे येतात आणि काय करायचे ते स्वतः ठरवतात. तसे मंडळ जवळ नसले, तर चार मित्रांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसूनही हे साधते.

एवढे करूनही त्याला नकोच असेल, तर राग न धरता सोडू द्या. चित्रकला किंवा तबला सोडलेल्या मुलाला आपण जितके समजून घेतो, तितकेच त्यालाही घ्या. मात्र सोडण्याआधी त्याने केलेली सगळी कामे फाइलच्या रूपात घरच्या संगणकावर उतरवून घ्या. वर्गाने दिलेली खाती वर्ग सुटल्यावर बंद होऊ शकतात, आणि वर्षभराने त्याला आपला जुना खेळ पुन्हा उघडून पाहावासा वाटला, तर तो त्याला सापडला पाहिजे.